लेमोनेडची बाटली कोण काढणार?

आपल्या पोराच्या हाती लागणारं पहिलं चित्रांचं पुस्तक कोणतं? इसापनीती नव्हे, चांदोबाही नव्हे. मुळाक्षरांचा तक्ता! घाटकोपर स्टेशनबाहेर घ्या, मुलुंडच्या बाजारात घ्या, अंधेरीच्या फुटपाथवर घ्या, तोच तक्ता. गुळगुळीत कागद, भडक रंग, वरखाली पत्र्याची पट्टी. बाप कामावरून येताना गुंडाळी काखेत मारून आणतो आणि खिळ्याला टांगतो. ग गणपतीचा. ऋ ऋषीचा. य यज्ञाचा. क्ष क्षत्रियाचा. भ भटजीचा. भटजीला शेंडी, जानवं आणि सुटलेलं पोट. आपलं पोरगं तीन वर्षांचं. त्यानं घरात कधी भटजी पाहिलेला नाही. पूर्वी तो येत नव्हता, आणि १९५६ नंतर आपण त्याला बोलावत नाही. तरी भ म्हटलं की भटजीच. भाकरीचा नाही, भंगाराचा नाही, भीमाचा तर नाहीच नाही.

कुणी म्हणेल, एका तक्त्याचं काय एवढं घेऊन बसलात? बसणार. कारण मास्तर शिकवायच्या आधी हा तक्ता शिकवतो की जगात कोण कोण असतं. त्यात ब्राह्मण आहे, क्षत्रिय आहे. खाली कोण आहे ते छापायची गरज नाही. ते तक्त्यासमोर उभंय.

आपल्यातल्या काही कार्यकर्त्यांनी यावर तोड काढली. भटजीवर कागद डकवून 'भ भीमाचा' लिहिलं. मग ब बुद्धाचा, र रमाईचा, स सावित्रीचा, अ अशोकाचा. झकास केलं. माझ्या घरातही तसाच तक्ता आहे. पण त्याच्यापुढं बसून शांतपणे बघा. सगळी थोर माणसं. सगळी फोटोतल्यासारखी समोर बघणारी. त्यात पोरगं कुठंय? नळावरची रांग कुठंय? बोंबील भाजणारी आजी, पोटमाळ्यावर अभ्यास करणारी ताई, निळा झेंडा घेऊन पळताना चप्पल तुटलेला पोऱ्या कुठंय? मला या लेखात एवढंच बोलायचंय. चित्रांच्या पुस्तकात आपलं पोर दोनदाच येतं. एकदा अपमान होताना, आणि एकदा पुतळा झाल्यावर. मधला सगळा दिवस कोरा.

आता शाळेचं बघू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकंही असतील. १ एप्रिल २०१० पासून कायदा लागू आहे. उपनगरातल्या ज्या शाळांत मी कधी कामानं आणि कधी भांडणानं गेलो, तिथं ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट. किल्ली हेडमास्तरांच्या ड्रॉवरमध्ये. पुस्तक हरवलं तर जबाब कोण देणार, म्हणून बाई कपाट उघडत नाहीत. बाईंना मी शिव्या देत नाही. वर्ग भरलेला, त्यात निवडणुकीच्या याद्या, खिचडीचा हिशेब, वरून आलेले तक्ते भरणं. गोष्ट वाचायला त्यांच्याकडं अर्धा तास कुठला?

कपाटात काय असतं ते मात्र सांगतो. ध्रुवबाळ, श्रावणबाळ, बिरबल, टिळकांच्या शेंगा. साने गुरुजींची १९३५ सालची 'श्यामची आई' असतेच असते. तिच्यात एक प्रसंग आहे. एका महार म्हातारीची मोळी खाली पडलेली असते. आईच्या सांगण्यावरून श्याम ती उचलून देतो आणि मग अंघोळ करतो. सारा महाराष्ट्र त्या आईच्या मोठेपणानं गहिवरतो. गहिवरा. पण त्या म्हातारीचं नाव कुणाला आठवतं? मोळी घेऊन ती कुठं गेली, घरी चूल पेटली का, तिच्या नातवानं त्या दिवशी काय खाल्लं? ती म्हातारी गोष्टीत आली ती श्यामला चांगलं ठरवण्यापुरती. आपली माणसं पुस्तकात अशीच येतात. दुसऱ्याच्या चांगुलपणाची मोळी डोक्यावर घेऊन.

मराठीत चांगली चित्रांची पुस्तकंच नाहीत असं म्हणणं मात्र खोटं होईल. ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलेली माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं घ्या, 'राधाचं घर' घ्या, यशची पुस्तकं घ्या. लिहिणारी आणि चित्रं काढणारी बाई एकच, त्यामुळं चित्र मजकुराची हमाली करत नाही. उपदेश नाही, पोरांशी लाडीगोडी नाही. २०१६ साली टाटा ट्रस्टच्या पराग उपक्रमानं बिग लिटिल बुक पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिल्याच वर्षी लेखनाचा मान त्यांना मिळाला. मिळायलाच हवा होता. ही पुस्तकं मी आमच्या विहारात पोरांना वाचून दाखवली. पोरं खुदखुदली, पुन्हा वाच म्हणाली. एका पोरीनं पानावर बोट ठेवून विचारलं, "दादा, हे लोक पाणी कुठून भरतात?"

हा काही त्या पुस्तकाचा दोष नाही. बाईंनी ठाऊक असलेलं घर काढलं आणि इमानदारीनं काढलं. आता त्यांनीच येऊन आपलंही घर काढून द्यावं असं म्हणणं म्हणजे पुन्हा दारोदार भाकर मागणं झालं. पण एवढं खरं, की मराठी चित्रांच्या पुस्तकात घर म्हटलं की स्वयंपाकघर वेगळं, नळ घरात आणि पोराला बसायला कोपरा. ज्याच्या घरात यातलं काही नाही त्याला वाटतं, आपलं ते घरच न्हाई. ती फक्त राहायची जागा.

मग आपल्या बाजूची पुस्तकं कोणती? मोजकीच आहेत, म्हणून जरा थांबून बघू.

अनंत पै यांनी १९६७ साली मुंबईत 'अमर चित्र कथा' सुरू केली. देव, ऋषी, राजे, संत अशी रांग लागली. बाबासाहेबांचा नंबर लागला १९७९ साली. बारा वर्षं रांगेत! मजकूर एस. एस. रेगे यांचा, चित्रं दिलीप कदम यांची. ते पुस्तक आपल्या कितीतरी घरांत गेलं आणि वाचून वाचून फाटलं, ही गोष्ट मी कमी लेखणार नाही. पण त्या मालिकेचा साचाच असा की देव असो की माणूस, सगळे एकाच चौकटीतून चालत येतात. लहानपणीच थोरपणाची खूण, मग संकट, मग विजय. देवांच्या पंगतीत बसवलेला माणूस देवासारखाच दिसायला लागतो. आणि देवाला काय करायचं असतं? हार घालायचा. बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्याच्या घरात हा घोटाळा परवडणारा नाही.

दुसरं पुस्तक २०११ सालचं, 'भीमायन'. नवयान प्रकाशनाचं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची, मध्य प्रदेशातले परधान गोंड चित्रकार. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. आधार बाबासाहेबांच्याच आठवणींचा. 'व्हिसाच्या प्रतीक्षेत' या नावानं त्या आपल्याला ठाऊक आहेत, सुमारे १९३५ च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेल्या, अस्पृश्यता काय चीज आहे हे परक्या माणसाला कळावं म्हणून. 'भीमायन'चं मोल असं की त्यात चौकटी नाहीत. माणसांना डब्यात कोंडायला व्याम जोडप्यानं नकार दिला. पान मोकळं, आणि गोंडांच्या भिंतीवरची नक्षी वळणं घेत प्रसंगांमधून वाहते. बोलण्याचे फुगे बघा. साधं माणूस बोलतं तेव्हा फुगा पाखरासारखा. जातीचं विष ओकणारा बोलतो तेव्हा फुग्याला विंचवाची नांगी. दोस्तांनो, ही खरी समीक्षा आहे! कोण कसं बोलतो हे सांगायला व्याम जोडप्याला एक ओळ लिहावी लागली नाही. चौथीतल्या पोरांसमोर मी ते पुस्तक धरलं. इंग्रजी एकालाही वाचता येत नव्हतं. मी मराठीत सांगत होतो. तिसऱ्या पानानंतर पोरं माझ्या आधी ओरडायला लागली, "नांगी आली! हा खोटारडा!" मग एकजण म्हणाला, "आमच्या गल्लीत एका मावशीच्या तोंडाला असा फुगा लावायचाय." वर्गात पुस्तक कशासाठी न्यायचं हे मला त्या पोराकडून कळलं.

पण ते पुस्तक महाग, इंग्रजी, आणि आठ वर्षांच्या पोरासाठी मुळात लिहिलेलंच नाही. लहानांसाठी चेन्नईच्या तूलिका प्रकाशनानं २०१५ साली सौम्या राजेंद्रन यांचं भीमरावावरचं छोटं पुस्तक काढलं. प्रश्न विचारणारा मुलगा, असं त्याचं सूत्र आहे. सुटसुटीत आहे, वर्गात अर्ध्या तासात होतं. हैदराबादच्या अन्वेषी या संशोधन केंद्रानं २००८ साली 'डिफरंट टेल्स' ही मालिका केली. तिच्यात गोगु श्यामला यांच्या गोष्टी आहेत, राबणाऱ्या दलित पोरींच्या. मोहम्मद खदीर बाबू यांची एक गोष्ट आहे, तिच्यात मुसलमान घरात बोकडाच्या मुंडीचं कालवण शिजतं. बस्स, एवढीच घटना. कालवण शिजतं आणि पोरगं वाट बघतं. मला ही गोष्ट दहा चरित्रांपेक्षा मोठी वाटते. मालिका निघाली तेलुगू, मल्याळम आणि इंग्रजीत. मराठीचं नाव त्यात नाही. दलित साहित्याची राजधानी म्हणून आपण छाती फुगवतो, आणि आपल्या लेकराला मुंडीची गोष्ट वाचायला हैदराबादला जावं लागतं!

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण यावर आमच्याच मंडळींत वाद झाला. एक मित्र म्हणतो, पोरांना अपमान दाखवू नका, कोवळं मन असतं. दुसरा म्हणतो, अपमानच दाखवा, पेटली पाहिजेत पोरं. दोघंही जयभीमवाले, दोघंही कळकळीचे. मी दोघांना म्हटलं, बाबासाहेबांनी स्वतः ती गोष्ट कशी सांगितली ते आधी वाचा.

साल १९०१. वडील गोरेगावला नोकरीवर. हे गोरेगाव आपल्या अंधेरीपुढचं नव्हे, साताऱ्याकडचं. पोरं साताऱ्यात. वडिलांनी सुट्टीत बोलावलंय. मसूर स्टेशनावर उतरल्यावर काय झालं ते आपल्याला पाठ आहे. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला, गाडीवान मिळेना, दुप्पट भाडं देऊन पोरांनी स्वतः बैलगाडी हाकली, जवळ जेवण होतं पण रात्रभर पाणी मिळालं नाही. प्रत्येक १४ एप्रिलला आपण हे नाटकात बघतो. पण बाबासाहेब तिथून सुरुवात करत नाहीत. ते आधी सांगतात नवे कपडे. विलायती कापडाचे सदरे, चमचमत्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. पोरं आनंदानं फुललेली आणि आत्या रडतेय. सातारा स्टेशनावर थोरला भाऊ तिकिटं काढतो आणि भीमाला आणि भाच्याला दोन-दोन आणे खाऊला देतो. ही पोरं काय करतात? चैन! पहिल्या फटक्यात एकेक बाटली लेमोनेड मागवतात.

वाचलंत? दोन आणे आणि लेमोनेडची बाटली. सारं जग पालथं घालून आलेला, डॉक्टरेट घेतलेला माणूस, परक्या लोकांना अस्पृश्यतेचा दाह सांगायला बसतो आणि लेमोनेड विसरत नाही. का विसरत नाही? कारण ते पोर तहानलेलं जन्माला आलेलं नव्हतं. ते हौशी होतं, नटलं होतं, खिशात पैसे खुळखुळत होते. त्याची तहान कुणीतरी तयार केली. आधी लेमोनेड दाखवलं नाही, तर तहान आपल्या जातीचा गुणधर्म वाटायला लागते, काळ्या रंगासारखी, नशिबासारखी. मी शाळांच्या भिंतींवर, विहारांत, जयंतीच्या देखाव्यांत गोणपाटावर बसलेला भीम शेकड्यानं पाहिला. रस्त्याकडेचा तहानलेला भीम पाहिला. पण टोपी घालून बाटली तोंडाला लावलेला भीम एका भिंतीवर दिसला नाही. आपणच त्याची बाटली काढून घेतली!

पेटवणाऱ्या मित्राला माझं उत्तर हेच. अपमान दाखवायचाच. पण ज्याचा अपमान झाला तो आधी पूर्ण दाखवायचा. आणि कोवळ्या मनाच्या मित्राला उत्तर असं की पोरांना सगळं ठाऊक असतं. रमाबाई नगरच्या पोराला ११ जुलै १९९७ सांगायला पुस्तक लागत नाही. गोळीबारात गेलेल्या दहा जणांचं स्मारक त्याच्या रस्त्यात आहे.

पुस्तक कुठलं याइतकंच ते वर्गात कसं उघडलं जातं हे महत्त्वाचं. पूर्व उपनगरातली एक शाळा, नाव लिहीत नाही. १९०० साली ७ नोव्हेंबरला भिवा साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला, म्हणून २०१७ पासून राज्य सरकार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. त्या वर्षी तारीख दिवाळीच्या सुट्टीत गेली, म्हणून कार्यक्रम शाळा उघडल्यावर झाला. बाईंनी गोणपाटावरच्या भीमाचं चित्र दाखवलं, गोष्ट सांगितली, आवाजही भरून आला म्हणे. मग विचारलं, "आपल्या वर्गात जयभीमवाले कोण कोण आहेत? हात वर करा बरं." चार हात वर झाले. पाचवा झाला नाही. पाचवा कुणाचा हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. ती माझी भाची. घरी येऊन आईला म्हणाली, उद्यापासनं डबा वर्गात खाणार न्हाई.

बाईंचा हेतू वाईट नव्हता, हे मला मान्य आहे. पण हेतू घेऊन काय करायचं? चित्रातल्या भीमाला शंभर वर्षांपूर्वीच्या मास्तरानं कोपऱ्यात बसवलं, आणि ते चित्र दाखवता दाखवता बाईंनी पाच जणांना पुन्हा तिथंच बसवलं. अपमानाचंच चित्र हातात असलं की असंच होतं. बघणारा लगेच शोधतो, आज त्या जागी कोण? प्रश्नच विचारायचे तर चित्रातल्या बाकीच्यांबद्दल विचारा. भीम कोपऱ्यात आहे, मग बाकावर कोण आहे? ती पोरं कुठं बघतायत? मास्तर खडू घेऊन पाठ फिरवून का उभा आहे? शिपाई आला नाही तर नळ कोण उघडणार, आणि इतरांना का उघडता येत नाही? गोणपाट संध्याकाळी घरी कोण नेतं? हे प्रश्न बाकावरच्यांना लागतात. चौथीच्या वर्गात मी विचारून पाहिलेत. ज्यांची आडनावं बाकावरची होती तीच पोरं जास्त वेळ गप्प बसली, आणि मग त्यातल्याच एकानं विचारलं, "त्यातल्या एकानंपण त्याला पाणी दिलं नाही?" याच्यापुढं तास घ्यायला बाईच लागत नाहीत.

मे २०१२ मध्ये अकरावीच्या पुस्तकातलं शंकर यांचं व्यंगचित्र घेऊन देश तापला. १९४९ सालचं चित्र, गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागं चाबूक घेतलेले नेहरू. संसदेत गदारोळ झाला, पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी सल्लागारपद सोडलं, पुण्यात पळशीकरांच्या ऑफिसची मोडतोड झाली, चित्र गेलं. कोण बरोबर यावर आपल्यातच आजही दोन तट आहेत आणि मी तो वाद इथं उकरत नाही. मला एवढंच दिसतं की चित्राची ताकद आपल्याला कळते. एका चित्रासाठी आपण रस्त्यावर येतो. मग ज्या शेकडो पुस्तकांत आपलं चित्रच नाही त्यांच्यासाठी एक निवेदनसुद्धा का निघत नाही?

अमेरिकेत हे भांडण फार आधी लागलं. आपण १९७२ साली पँथर हे नाव तिकडून घेतलं, त्याआधी १९४६ साली बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. हेच डू बॉइस १९२० साली काळ्या मुलांसाठी 'द ब्राउनीज बुक' नावाचं मासिक काढत होते. चोवीस अंक निघाले, १९२१ च्या अखेरीला बंद पडलं. पण लँगस्टन ह्यूजच्या सुरुवातीच्या कविता तिथंच छापून आल्या. १९६५ साली नॅन्सी लॅरिक या बाईंनी तीन वर्षांतली ५,२०६ बालपुस्तकं मोजली. त्यांत एकतरी काळं माणूस असलेली निघाली ३४९, म्हणजे शंभरात सात सुद्धा नाहीत. आपल्याकडं असा हिशेब कुणी मांडायचा? विद्यापीठांतून आपली पोरं दलित आत्मकथनांवर पीएचडी करतायत. त्यातल्या एखाद्यानं एका शाळेचं कपाट मोजावं.

त्याच सुमाराला, १९६२ साली, एझ्रा जॅक कीट्स यांचं 'द स्नोई डे' आलं. पीटर नावाचं काळं पोरगं सकाळी उठतं, बाहेर बर्फ पडलेलं असतं, आणि ते दिवसभर बर्फात खेळतं. त्याला कुणी मारत नाही, कुणी थोर करत नाही. पुढच्या वर्षी पुस्तकाला तिथला मोठा कॅल्डेकॉट मान मिळाला. लिहिणारा गोरा होता, म्हणून वाद झाले. पीटरच्या आईचं चित्र ठराविक मोलकरणीच्या छापाचं आहे असं लॅरिकबाईंनीच म्हटलं. म्हणजे साध्या दिवसाचं पुस्तकही तपासूनच घ्यावं लागतं. तरी तो बर्फातला दिवस त्या पोराला मिळाला. आमच्या पोराचा पावसातला दिवस कुठंय? गटार तुंबून गल्लीत गुडघाभर पाणी, शाळेला सुट्टी, थर्माकोलची होडी, आणि आजीच्या शिव्या?

आता जरा आपल्या अंगणात झाडू मारू. हे फक्त आपल्या पोरांचं भांडण नाही. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड, इंग्रजी अशा आठ भाषांत चालतात. तिथं पारध्याचं पोर आहे, बिहारी मजुराचं आहे, तमिळ बोलणारं दलित पोर आहे. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आणि आरेच्या पाड्यांवर वारली पोरं आहेत. वारली चित्रं तर उपनगरातल्या शाळेच्या कंपाउंडवर, पुलाखाली, कुठंही बघा, पांढऱ्या माणसांचा गोल नाच! जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि भिंती रंगवणाऱ्यांचा धंदा वाढला. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये कारशेडसाठी रातोरात आरेची झाडं तुटली, ती रात्र वारली पोरानं कशी पाहिली, हे एका भिंतीवर नाही. नाच चालतो, झाड तुटलेलं चालत नाही. आपण जेव्हा म्हणतो की आमचं चित्र पाहिजे, तेव्हा या पोरालाही शेजारी बसवावं लागेल. नाहीतर आपणही एक नवा तक्ताच छापू.

आणि आपली विहारं? काचेच्या कपाटात बाबासाहेबांचे खंड, धूळ पुसून ठेवलेले. राजगृहात पन्नास हजार पुस्तकं जमवणाऱ्या माणसाच्या नावानं उभ्या राहिलेल्या विहारात सहा वर्षांच्या पोराला हात लावता येईल असं एक पुस्तक नसतं. वंदना झाली की पोरांना बाहेर पिटाळतात. जयंतीच्या डीजेला वर्गणी जमते. त्यातलं एका तासाचं भाडं दिलं तरी पोरांच्या पुस्तकांची एक फळी भरेल. हे लिहिल्यावर शिव्या पडतील हे ठाऊक आहे. पडू द्या.

परंपरा नाही असं तर म्हणूच नका. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी कागदावरची चित्रं एकामागून एक दाखवत कथा गातात. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती ही कला जपल्याबद्दल. चित्रांचं पुस्तक हे विलायतेचं खूळ नाही, ते आदिवासींच्या हातातलं आहे. फरक एवढाच की हात त्यांचे आणि गोष्ट रामाची. १९८६ साली शांताबाई कांबळे यांनी आपल्या आत्मकथनाला नाव काय दिलं? 'माज्या जल्माची चित्तरकथा'. ही बाई प्राथमिक शाळेत मास्तरीण होती. 'चित्तरकथा' हा शब्द तिनं उगाच निवडला असेल असं मला वाटत नाही. आणि १८५५ साली फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे, मातंगाची शाळकरी पोर, 'ज्ञानोदया'त मांगा-महारांच्या दुःखावर निबंध लिहिते. मोठ्यांनी आधी लिहिलं नव्हतं म्हणून ती थांबली नाही.

म्हणून आम्ही आता पोरांकडूनच काढून घेतोय. सायक्लोस्टाइलवर रंग येत नाही हे बरंच आहे. काळी रेघ आपण द्यायची, रंग ज्यानं त्यानं भरायचा. आठ पानं, मधोमध टाचणी. पहिलं पुस्तक 'पाण्याची लाईन', पोरींनी केलं. रमाबाई नगरचा पुनर्विकास निघालाय. गल्ल्या जाणार. नळ आहे तोवर काढून घ्या म्हटलं. त्यात हंड्यांना नावं आहेत आणि माणसांना नाहीत. मला ते खटकलं. पोरी म्हणाल्या, लाईनीत हंडेच उभे असतात. राहू दिलं.

दुसरं पुस्तक मसूरच्या प्रवासाचं आहे आणि ते अजून पहिल्या पानावर अडलंय. लेमोनेडची बाटली कशी होती यावर परवा दोन तास भांडण झालं. मी म्हटलं, गोटीची असावी. गोटीची बाटली पोरांपैकी कुणी पाहिलेली नाही. एकानं प्लॅस्टिकची काढली, झाकणासकट. दुसरा म्हणाला, १९०१ ला प्लॅस्टिक कुठलं? तर पहिला म्हणतो, मग मी भीमाला गार ठेवू कशात? स्टेन्सिल अजून कोरीच आहे. कुणाच्या घरी, कुणाच्या गावी, भंगारात जुनी गोटीची बाटली असेल तर रविवारी सकाळी दहाच्या आत विहारात आणून द्या. फुटकी असली तरी चालेल.